न शिवलेला सदरा

2020 सालच्या दिवाळीस नवा सदरा शिवावयाचा नाही, असे मी ठरविले. सरकारी वेतन नियमित येत होते. पैसा होता, भरवसा नव्हता. इंदुरातील आमच्या गल्लीतला शिंपी एवढेच म्हणाला, “गुरुजी, यंदा माप नाही द्यायचे?” त्याचे शिलाईयंत्र झाकलेले होते.

देशाच्या उत्पादनास निम्म्याहून अधिक मागणी घरोघरच्या खर्चातून येते. त्या वर्षी एप्रिल ते जूनमध्ये, टाळेबंदीमुळे, ते उत्पादन सुमारे 24 टक्क्यांनी घसरले होते. टाळेबंदी उठली, माझ्या मनातली मात्र उठली नव्हती, आणि तिची झळ त्याच्या चुलीस लागत होती.

ऋण काढून सण करू नये, हे खरे. परंतु गाठीस पैसा असता सण टाळणे, हेही शहाणपण नव्हे. दुसऱ्या दिवशी मी कापड घेऊन गेलो.