साहेबांची वकील की सरकारची?

चि. मुक्ता,


आधी एक बोलून घेते. शपथपत्राचा मसुदा असा व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. मी वाचला आणि पुसून टाकला. सरकारी कागद आत्याला दाखवायचे नसतात, हे तुला मी सांगायला हवं का? पण वाचला तो वाचलाच, आणि त्याखालची तुझी ओळ डोक्यातून जाईना : "विलंबाचा मुद्दा घेतलाय, पहिल्याच तारखेला उडेल." तू विचारलं होतंस वेगळंच, मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, सादरकर्ता अधिकारी म्हणून राहावं की हायकोर्टात सहायक सरकारी वकिलाची जागा मिळवावी. त्याकडे येते, पण आधी हे उडवाउडवीचं.

विलंबाचा मुद्दा घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. न्यायाधिकरणाच्या कायद्यात कलम 21 ने एक वर्षाची मुदत घातली ती उगाच नाही. ज्येष्ठतायादी लागून दहा वर्षं झाली, तिच्यावरून बढत्या होऊन गेल्या, आणि आता कुणी उठून म्हणाला की माझं नाव वर हवं होतं, तर हा मुद्दा अगदी कंठरवाने मांड. तिथे एकाला दिलेला न्याय समोर नसलेल्या वीस जणांच्या मुळावर येतो. तुझ्या प्रकरणात मात्र एका निवृत्त लिपिकाची वेतननिश्चिती आहे. ती चुकली असेल तर दर महिन्याच्या पेन्शनबरोबर चूक पुन्हा होते, आणि ती सुधारल्याने दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली तर्सेम सिंग प्रकरणात नेमका हाच फरक केला : अशा दाव्याला उशीर आडवा येत नाही, थकबाकी मात्र अर्ज दाखल होण्याआधीच्या साधारण तीन वर्षांपुरतीच. म्हणजे तिजोरी राखण्याची सोय कायद्यानेच केलेली आहे. तेवढी माग, मिळेल. आणि 1979 च्या मद्रास पोर्ट ट्रस्टच्या निकालात न्या. भगवतींनी काय बजावलं ते तुला पाठ असायला हवं. मुदतीचा मुद्दा घेता येतो हे मान्य करूनही, रास्त मागणी बुडवायला सरकारने तो पुढे करू नये, असं त्यांनी म्हटलं.

खरी गोम पुढेच आहे. विभागाचा मूळ आदेश एका ओळीचा : नियमात बसत नसल्याने विनंती अमान्य. कुठल्या नियमात, का बसत नाही, काही नाही. तुझ्या मसुद्यात मात्र चार कारणं, तीही चांगली मांडलेली. ही आली कुठून? आदेश निघाला त्या दिवशी ती कुणाच्या डोक्यात होती? हे दुखणं जुनंच आहे. अंधेरीच्या एका चित्रपटगृहाची परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी रद्द केली होती. पत्रात लिहिलं होतं शासनाच्या निर्देशावरून, आणि खटल्यात सांगितलं गेलं की निर्णय आयुक्तांचा स्वतःचाच. 1951 साली गोरधनदास भानजी प्रकरणात न्या. विवियन बोस यांनी पत्रात जे लिहिलं आहे तेच धरलं. मागाहून दिलेला खुलासा ऐकला नाही. पुढे मोहिंदर सिंग गिल प्रकरणात हाच नियम पक्का झाला. इतकी वर्षं झाली, तरी विभाग आपले एका ओळीचे आदेश काढत असतात. मला विचारशील तर याचं मोठं कारण तुम्ही वकील लोक. विभागाकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय आले की त्यांतून तुम्ही असं सफाईदार शपथपत्र बेतता, की कक्ष अधिकाऱ्याला आदेश नीट लिहायची गरजच उरत नाही. ठिगळ इतकं बेमालूम बसलं की शिंप्याला जाब कोण विचारणार? फाईलवरच्या त्या वेळच्या टिपणीत कारण नोंदलेलं असेल तर ती टिपणी दाखव, ते वेगळं. नसेल तर विभागाला सांग की आदेश मागे घ्या आणि कारणांसह नवा काढा. तो अर्जदाराच्या विरुद्ध गेला तरी चालेल, निदान त्याला कशाशी लढायचं ते कळेल.

तू म्हणशील, आत्या, निर्णय माझा नाही, मी सूचनांवर चालते. खरंय. लेखी सूचनेशिवाय न्यायाधिकरणासमोर एक शब्दही कबूल करू नकोस. पण सूचना येण्याआधी तुझा अभिप्राय जाऊ शकतो ना? सरकार म्हणजे सही करणारे ते उपसचिव नव्हेत. ते बदलून जातील, आदेश तुझ्या गळ्यात राहील. तुझा पक्षकार शासन आहे, आणि तो लिपिक हरला म्हणून शासनाचं भलं झालं असं होत नाही. पैसा जनतेचा आहे, तो असा सोडून कसा द्यायचा, हा आक्षेप वजनदार आहे, पण तो उलटाही लागतो. अतिप्रदानाच्या, म्हणजे चुकून जास्त दिलेल्या रकमेच्या, वसुलीचं बघ. निवृत्तांकडून, वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्यांकडून वसुली नको, असं 2014 साली रफिक मसीह प्रकरणात सांगून झालं, तरी तसले आदेश निघतातच. त्यांचा बचाव करायला वकिलाची फी, अधिकाऱ्याच्या मुंबईवाऱ्या, शेवटी पैसे परत, क्वचित व्याजासह. हा पैसाही जनतेचाच की.

आता मला जे खरंच खातंय ते. असा अभिप्राय दिला की वरचे नाराज होतात, आणि तुझी नेमणूक मुदतीची. उत्तर प्रदेशाने 1990 साली साऱ्या जिल्हा सरकारी वकिलांना एका परिपत्रकाने घरी बसवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात ते मनमानी म्हणून रद्द केलं, हे ठीक. पण मुदतवाढ नुसती लांबली तर तू कुठल्या कोर्टात जाणार? घराचा हप्ता आहे, आणि दादाच्या औषधांचं तू मला सांगत नाहीस तरी कळतं. म्हणून सांगते, अभिप्राय लेखी दे, छोटा दे, निकालांचे दाखले दे, विशेषणं नकोत. तुझी जीभ मला माहीत आहे.

हायकोर्टाची जागा इतक्यात नको. तिथे रोजचा बोर्ड असा की प्रकरण पुकारल्यावर फाईल उघडायची. मॅटमध्ये अजून वाचायला सवड मिळते, आणि तुला आत्ता वाचायलाच हवंय. तारखेआधी विभागाकडून मूळ टिपणी मागवून घे; नाही आली तर मुदत माग, पण हे शपथपत्र दाखल करू नकोस. मुदतवाढीचं काही कळलं का? रात्री फोन कर, दादा झोपल्यावर.

तुझी,
आत्या