अभद्र बोलावे लागते

शर्यत म्हटली की तोफेचा आवाज, वाऱ्याने फुगलेली शिडे आणि शेवटी हाती चषक, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण भरसमुद्रातील शिडाच्या नौकांची शर्यत तोफ उडण्याच्या कितीतरी आधी, किनाऱ्यावर, कागद-पेन्सिल घेऊन सुरू होते. आणि त्या कागदावरचे जवळजवळ प्रत्येक वाक्य अभद्र असते!

'अभद्र' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. माझे घर मालवण तालुक्यातले, मासेमारीवर जगणारे. आमच्याकडे होडी लोटताना नारळ फोडतात. 'बुडणे' हा शब्द मात्र कोणी उच्चारीत नाही. म्हणूनच ग्रंथालयात १९७९ च्या 'फास्टनेट' शर्यतीची हकीकत वाचनात आली, तेव्हा ती मला परक्या देशाची वाटलीच नाही.

इंग्लंडमधल्या काउज बंदरातून निघायचे, आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालायचा आणि प्लिमथ गाठायचे. असे सुमारे सहाशे सागरी मैलांचे ते अंतर. ११ ऑगस्टला ३०३ नौका निघाल्या. १३ तारखेच्या रात्री वादळाने त्यांना गाठले. १५ स्पर्धक प्राणांस मुकले. २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या. पण त्यांतल्या बुडाल्या फक्त ५. उरलेल्या १९ पुढे परत मिळाल्या!

चौकशीत निघालेल्या गोष्टी मोठ्या साध्या होत्या. नौका उलटताच बॅटऱ्या आणि शेगड्या जागा सोडून माणसांच्या अंगावर आल्या होत्या. आत उतरण्याच्या दाराच्या सुट्या फळ्या निसटल्या आणि त्या वाटेने पाणी शिरले. काहींचे सुरक्षा-पट्टे ऐन वेळी तुटले.

तेव्हापासून तयारीला बसलेले खलाशी 'वेग किती?' याआधी 'उलटली तर?' असे विचारतात. मग बॅटरी पट्ट्यांनी आवळली जाते, दाराच्या फळ्यांना दोरी लागते. तळाशी जिथे जिथे नळीसाठी भोक असेल, तिथे त्या मापाची लाकडी खुंटी बांधून ठेवतात. डोलकाठी मोडली तर तारा तोडायला हत्यार, सुकाणू गेले तर दुसरी सोय. कोणती वस्तू कुठे आहे याचा नकाशा आत लावलेला असतो. माणूस पाण्यात पडला, असे मानून त्याला वर घेण्याची तालीम होते. आणि यादीत असतात दोन भक्कम बालद्या, निदान नऊ लिटरच्या, दोरी बांधलेल्या.

त्या बालदीने मला घरी आणले. गेल्या नारळी पौर्णिमेआधी आमच्या होडीची डागडुजी चालली होती. मी बालदीला दोरी बांधू लागलो तसे बाबा हसले, "बालदी खंय जातली?"

मी म्हटले, "होडी उलटली तर?"

बाबांचा हातोडा थांबला. आई कळवळून म्हणाली, "ह्या काय बोलतस?" त्या होडीवर माझा थोरला भाऊ जातो. माझे वाक्य कोणावर पडले, हे तिघांनाही कळले होते. मी मात्र गाठ पुरी मारली.

त्यावर कोणी काही बोलले नाही. पण संध्याकाळी पाहतो तो जाळ्यांच्या ढिगाखाली वर्षभर दडपलेली जीवरक्षक जाकिटे बाबांनी झटकून, हात पोचेल अशी टांगून ठेवली होती. पौर्णिमेला नारळही त्यांनी नेहमीच्याच श्रद्धेने वाहिला.

पहिला कोण आला, हे बक्षीस-समारंभात कळते. परत किती आले, यातले बरेचसे मात्र किनाऱ्यावरच्या त्या अभद्र कागदानेच ठरवलेले असते.