तलाव कोणत्या सरकारचा?

आश्विनात धान निसवायला आले की पाण्याची एक पाळी म्हणजे वर्षाची भाकर, हे आपल्या भंडारा जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. मी कृषी विस्तार अधिकारी म्हणून ज्या गावांत फिरतो, त्यांपैकी एका गावी नेमके त्याच वेळी मामा तलावाचे पाणी सोडायचे तुडुम फुटले. पाणी नाल्याला गेले. शेवटच्या बांध्यांतले धान उभ्या उभ्या वाळले.

मंडळी तीन गाड्या भरून आमदारांच्या कार्यक्रमाला गेली. हार घातला, नारळ दिला आणि पाचसहा जण एकदम बोलू लागले. तलाव, रस्ता, दवाखाना, शाळेची खोली, विजेचा खांब. आमदार म्हणाले, "बघतो." मंडळी खुशीत परतली. पण त्यांच्या हाती कागद कोणीच दिला नव्हता. मग त्यांनी तरी काय बघावे? असे हार त्यांच्या गळ्यात रोजच पडतात.

उन्हाळ्यात मी बीजप्रक्रिया दाखवायला गेलो, तेव्हा शेवटच्या बांधीवाल्या मावशींनी विचारले, "साहेब, तलाव सरकारचा म्हणता जी, पण कोणत्या सरकारचा?"

प्रश्न नेमका होता. आपल्याकडचे हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी म्हणून नाव पडले 'मामा'. त्यांतले १०० हेक्टरपर्यंत ओलिताचे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे राज्याच्या खात्याकडे. हा तलाव लहान. म्हणजे पहिले दार जिल्हा परिषद सदस्यांचे, आणि ते तर शेजारच्याच गावचे!

मी सरकारी नोकर, शिष्टमंडळात मिरवणे मला शोभत नाही. पण अर्ज कसा लिहावा हे सांगायला कोणाची ना नसावी. एकच पान. तलावाचा गट क्रमांक, तुडुम केव्हा फुटले, किती जणांचे किती हेक्टर धान गेले, काय करून हवे. नावे मावशींनी बांधोबांध फिरून जमवली. अर्जात रस्ता नाही म्हणून रस्तावाले रुसले. तरी ग्रामसभेने ठराव केला, त्याची प्रत जोडली. अर्ज सदस्यांना दिला, एक प्रत कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. ती प्रत मावशींनी तांदळाच्या डब्यात ठेवली.

आमदारांनाही पत्र दिले, पण मागणे एकच: जिल्हा नियोजनात या कामासाठी शब्द टाकावा, काम अडले तर नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न विचारावा. इथे एक सांगतो. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. डिसेंबरात मोर्चाच्या दिवशी निवेदन दिले, तर त्या अधिवेशनापुरती वेळ टळलेली असते. धान कापणीला येण्याआधीच कागद पोचायला हवा.

अर्ज मध्येच दोन महिने एका टेबलावर पडून राहिला. मावशींच्या डब्यातला आवक क्रमांक घेऊन सदस्यांनी सभेत विचारले, तेव्हा हलला. तोवर आणखी एक हंगाम गेला. त्यापुढच्या रोवणीआधी मात्र नवे तुडुम बसले आणि शेवटच्या बांध्यांना पाणी पोचले.

गाळ अजून तसाच आहे. त्याचा अर्ज लिहायला मावशींनी बोलावले आहे. रस्तावाल्यांनी या वेळी आपला कागद वेगळा तयार केला आहे.