सावली दुप्पट होईपर्यंत

लासलगावला नानांच्या घरी ओसरीच्या भिंतीवर नमाजच्या वेळांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. नाना उभी हयात एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या खळ्यावर हिशेब लिहीत आले, त्यामुळे आकड्यांवर त्यांचा भारी विश्वास. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून गेलो तेव्हा आमच्या थोरल्याच्या गळ्यात त्याच्या चुलतभावाचा जुना कॅमेरा होता. पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हणून तो सुट्टीची वाट बघत होता. त्याने कॅलेंडरसमोर उभं राहून वाचलं : फजर ५.४५, सूर्योदय ७.०६, असर ४.२६, मगरिब ६.०२. मग म्हणाला, "नाना, हे तर फोटोग्राफरचं टाइमटेबल आहे!"

नाना हसले नाहीत. त्यांनी त्याला अंगणात नेऊन काठी रोवून दाखवली. ऐन दुपारी काठीची जेवढी सावली पडते ती बाजूला काढायची. तिच्यावर काठीच्या दुप्पट सावली वाढली, की असर. इथे आमच्या घरातला जुना वाद पुन्हा निघाला. आमच्यापैकी एकजण रत्नागिरीकडचा शाफई, दुसरी लासलगावची हनफी. कोकणात सावली एकपट वाढली की असरचा वक्त सुरू होतो, इकडे दुप्पट. या दिवसांत दोहोंमध्ये पाऊण तासाचं अंतर पडतं. हा पाऊण तास फोटोच्या कामाचा निघेल, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फजर पढून सहाला निघालो. बाजार समितीकडे लाल कांद्याचे ट्रॅक्टर आधीच निघाले होते, ताडपत्रीवर दव साचलेलं. निफाडकडे जाताना गारठा वाढत गेला. राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी दर हिवाळ्यात ज्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येते, ते इथलंच. थंडीने द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकऱ्यांनी बागांत शेकोट्या पेटवल्या होत्या. तो धूर धुक्यात मिसळून जमिनीलगत तरंगत होता. थोरला खिडकीची काच खाली करून बसला आणि धाकटी कुडकुडत ओरडत राहिली.

आम्ही जात होतो नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षं त्यात गाळ साचला, उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या. धरणाच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. पक्ष्यांच्या हिशेबात तेच घर झालं. १९८६ साली इथे सुमारे १०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ म्हणून त्याचं नाव आलं. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातल्या डॉ. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने चिमणी पाडून, ती कोणती म्हणून विचारायला गेलेला मुलगा पुढे एवढा मोठा पक्षितज्ज्ञ झाला. ही गोष्ट थोरल्याला गाडीत सांगितली होती. तिची आठवण तासाभरातच वेगळ्या कारणाने झाली.

निरीक्षण मनोऱ्यापाशी पोचलो तेव्हा सूर्य उगवायला वीसेक मिनिटं होती. सगळं निळसर. फोटो काळपट येत होते, आणि आयएसओ वाढवला की दाणेदार. पाण्यावर धुकं होतं, त्यात एक राखी बगळा एका पायावर उभा. इथे कॅमेरा फसतो. पांढऱ्या धुक्याला तो उजेड समजतो आणि चित्र मळकं, राखाडी करून टाकतो. सोबतच्या स्थानिक गाईडने सांगितलं, "एक्स्पोजर वाढव दादा, धुकं पांढरंच दिसलं पाहिजे." अर्ध्या तासाने ऊन आलं आणि सगळं उलटं झालं. गडद पाण्यात पांढरेशुभ्र चमचे चोच डावीउजवीकडे फिरवत चरत होते. आता कॅमेरा गडद पाणी उजळायला जातो, आणि पक्ष्याची पिसं नुसता पांढरा ठिपका होतात. म्हणून आता एक्स्पोजर कमी. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय, जांभळ्या पाणकोंबडीच्या पाठीवरची निळाई हे सगळं त्याच दहा-पंधरा मिनिटांत नीट दिसलं. धाकटीने गाईडच्या दुर्बिणीचा ताबा घेतला होता. ती मोजत होती आणि दर वेळी वेगळा आकडा सांगत होती.

पलीकडच्या गाळाच्या बेटावर तीस-चाळीस पट्टकादंब बसले होते. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. मध्य आशियाच्या उंच पठारांवर त्यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते हिवाळ्याला आपल्याकडे येतात. ऊन त्यांच्यावर तिरपं पडलं होतं, मागे धूर-धुक्याचा सोनेरी पडदा. पण ते नुसते बसून. मान पंखांत. थोरला कॅमेरा डोळ्याला लावून दहा मिनिटं थांबला, पंधरा मिनिटं थांबला. उजेड पांढरा होत चालला होता.

तेव्हा आमच्यापैकी एकाने टाळी वाजवली.

कुणी, ते लपवण्यात अर्थ नाही. अब्बांनी. एकच टाळी, पण त्या शांततेत ती फटाक्यासारखी वाजली. सगळा थवा उठला. त्यांच्याबरोबर शेजारची बदकं उठली, चमचे उठले, निम्मं पाणी रिकामं झालं. कॅमेरा धडाधड चालला. पंख फाकलेले, खालून सोनेरी उजेड, एकही पक्षी दुसऱ्याआड नाही. कॅलेंडरवर शोभावा असा फोटो.

गाईड काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "साहेब, ही मंडळी हिमालय ओलांडून इथे बसायला येतात. उडून दाखवायला नाही." चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने समजावून सांगितलं : उन्हाळ्याआधी यांना तेवढंच अंतर परत कापायचंय. त्यासाठी अंगावर चरबी चढायला हवी, म्हणजे खाणं हवं आणि स्वस्थ बसणं हवं. रविवारी मनोऱ्यावर दहा गाड्या येतात आणि प्रत्येकीतून एक टाळी निघाली तर त्यांनी बसायचं कधी?

परतीच्या वाटेवर अम्मीने मुलांना पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या सफरीतली हकीगत सांगितली. साथीदारांनी एका पाखराची दोन पिल्लं उचलून घेतली होती, आई वर फडफडत होती, आणि आपण (स.) पिल्लं परत ठेवायला लावली. मुलांना ती आधीच पाठ होती. ती त्यांच्यासाठी नव्हतीच.

त्यानंतरच्या दुपारी येवल्यापलीकडे ममदापूरला गेलो. तिथल्या माळावर काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पाण्यावर जे शिकलो होतो त्याचा इथे काही उपयोग नव्हता. नर वरून काळा कुळकुळीत, पोटाखाली पांढरा, एकाच जनावरात दोन टोकं. तीन वाजता काढलेल्या फोटोंत पाठ म्हणजे भोक आणि पोट म्हणजे चुना. गाडी रस्त्याकडेला लावून आत बसून राहिलो. पावणेचारच्या सुमाराला रत्नागिरीच्या हिशेबाने असर झाली. आमच्यापैकी एकाने खाली उतरून गाडीआड चटई अंथरली आणि नमाज पढून हळूच दार लावलं. थोरल्याने पुन्हा दोन फोटो काढून पाहिले आणि मान हलवली, अजून नाही. गवताचा रंग मात्र बदलू लागला होता. सव्वाचार, साडेचार. लासलगावची असरही झाली. दुसरीची नमाज होईपर्यंत ऊन आडवं आलं होतं आणि काळ्या पाठीवरचा एकेक केस वेगळा दिसत होता. शिंगांचे पीळ, डोळ्याभोवतीचं पांढरं वर्तुळ, सगळं. नर आपण होऊन चरत चरत पन्नासेक पावलांवर आला, थांबला आणि आमच्याकडे बघितलं. या सबंध वेळात अब्बांचे दोन्ही हात खिशात होते. हे धाकटीने घरी आल्यावर सर्वांना सांगितलं.

रात्री नानांनी चष्मा लावून सगळे फोटो लॅपटॉपवर पाहिले. पट्टकादंबांचा फोटो आला तेव्हा मामू म्हणाला, हा शाळेच्या स्पर्धेला पाठव, पहिला नंबर ठरलेला. थोरला काही बोलला नाही. नाना बराच वेळ त्या फोटोकडे बघत होते.

"हे उडाले कशाने?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मग अब्बाच म्हणाले, "माझ्या टाळीने."

थोरल्याने तो फोटो पुसला नाही, स्पर्धेला पाठवलाही नाही. तिथे काळवीट गेलं. नंबर आला नाही. परीक्षकांना वाघ आवडला, जो कुणीतरी प्राणिसंग्रहालयात काढला होता असा आमचा दाट संशय आहे.

नानांनी स्वतःसाठी निवडला तो धुक्यातला बगळा. सबंध पांढऱ्यात एक राखाडी रेघ, दुसरं काही नाही. "किती वाजता काढलास?" त्यांनी विचारलं. छापून आणल्यावर त्यांनी त्याच्या मागे निळ्या शाईने ६.५२ लिहिलं आणि कॅलेंडरशेजारी खिळा ठोकायला सांगितलं.