छाटणीच्या आधी दहा मिनिटं

ठाण्यातल्या खोपटला जंगल नाही. एसटीचं आगार आहे, सिद्धेश्वर तलाव आहे, आणि जुन्या सोसायट्यांच्या कुंपणालगत तगून राहिलेली काही थोराड झाडं आहेत. पक्षी बघायचे तर येऊरला जा, नाहीतर ऐरोलीच्या खाडीवर, असं सगळे सांगतात. जातोही. पण ऋतू ओळखायला मी खोपटमध्येच शिकलो. येऊरला अधूनमधून जाणाऱ्याला पाहुण्यासारखं समोर येईल तेवढंच दिसतं. दारातल्या झाडात काल आणि आज काय बदललं ते मात्र चटकन डोळ्यात भरतं.

वहीत मी पक्ष्याच्या नावापुढे तो काय करत होता ते लिहितो. 'तांबट दिसला' हे वर्षभर कधीही लिहिता येतं. 'तांबट वाळक्या फांदीत भोक पाडतोय' ही नोंद मात्र उन्हाळ्याच्या तोंडावरचीच. कावळ्याच्या चोचीत तारेचा तुकडा, घारीच्या पायात चिंधी, शिंप्याच्या चोचीत कापूस, अशा नोंदी दोन-तीन वर्षं साठल्या की झाडाचं पंचांगच तयार होतं. पावसाळा सरता सरता करडा धोबी येतो, मागोमाग हळद्या. थंडीत घारी घरट्याला लागतात. मार्चमध्ये दयाळ पहाटेच शीळ घालू लागतो. कावळ्याचं घरटं जमलं, की कोकिळेची त्यावर नजर असतेच.

मे महिना मला सगळ्यात आवडतो, आणि त्याचं कारण वंचक. वर्षभर तलावाच्या काठावर मातकट रंगाचा हा बगळा दगडासारखा बसून असतो. उडाला की पांढरे पंख उघडतात आणि मगच कळतं की इथे कोणी होतं. विणीच्या दिवसांत त्याची पाठ गर्द तपकिरी-लाल होते, मानेवर लांब पिसं येतात. मग वंचक, रातबगळे आणि कधी पाणकावळे एकाच मोठ्या झाडावर शेजारी शेजारी काटक्या रचतात. पिल्लं पावसात वाढतात, कारण बेडूक, मासे आणि किडे तेव्हाच मुबलक. त्यांचं हे गणित चोख आहे. झाड बहुधा पर्जन्यवृक्ष असतं, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. मी देशी झाडांचा कट्टर पक्षपाती. पण बगळ्यांनी घर केलेल्या परदेशी झाडाशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते वेळेचं. याच एप्रिल-मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते. फांद्या पडून माणसं दगावतात, तेव्हा छाटणी हवीच, यात वाद नाही. शिवाय बगळ्यांच्या विष्ठेचा वास खरोखर असह्य असतो, आणि गाडीच्या टपावर ती पडली की निसर्गप्रेमाची परीक्षाच असते. तरीही फांदीबरोबर घरटं खाली आलं, तर ती नुसती छाटणी राहत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरट्यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच बसवलेलं आहे. शहरातल्या झाडांसाठी राज्याचा 1975 चा वेगळा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. पण परवानगीचा कागद झाडाचा असतो. त्यावर कोण राहतं हे त्यात आपोआप येत नाही. ते पाहणाऱ्यानेच सांगावं लागतं.

खाडीचं तसं नाही. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला. तिथे जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघावं. चिखल उघडा पडल्याशिवाय रोहित खायला उतरत नाहीत. त्यांच्यासाठी हजारो लोक कॅमेरे घेऊन येतात. आमच्या वंचकाला कोण विचारतो?

ऋतूचा अंदाज मला झाडांखेरीज मंडईतही येतो. वळवाच्या सरी पडल्या, की येऊरकडच्या आणि पलीकडच्या पाड्यांवरच्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, सोबत तिची खाज मारायला काकडं ही फळं. ठाण्यातल्या सीकेपी घरांत त्यासाठी वाट पाहिली जाते. शेवळं लवकर आली, की मी घरट्यांकडे लवकर लक्ष द्यायला लागतो.

छाटणीला सोयीचा महिना कोणता, असं सोसायटीत विचारतात. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या आसपास बहुतेक घरटी रिकामी असतात, तेव्हा मोठी छाटणी उरकावी. पुढे घारी आहेतच, म्हणून पूर्ण निर्धोक असा महिना नाही. मेमध्ये धोक्याची फांदी काढायची असेल तर तेवढीच काढावी. घरट्यांचं झाड असेल, तर पावसाळाभर गाड्या दुसरीकडे लावाव्यात किंवा वर ताडपत्री बांधावी. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पिल्लं उडून जातात.

तुमच्या आवारात करवत येईल तेव्हा आधी दहा मिनिटं झाडाखाली उभं राहा. काटक्यांचे पुंजके दिसतात का, खाली पांढरे डाग आहेत का, फुटलेली निळसर-हिरवी टरफलं पडली आहेत का, ते बघा. आढळलं तर फोटो काढा, तारीख लिहा आणि छाटणी थांबवायला वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्या.