पेरुंगुडी उघडत नाही

सकाळी सातला मिरजेहून बाबांचा फोन आला, "अगं, आज पेरुंगुडी उघडत नाहीये." आमच्या वेबसाइटला बाबा पेरुंगुडीच म्हणतात. चेन्नईत माझ्याकडे राहायला होते तेव्हा ते रोज पहाटे दुर्बीण घेऊन पळ्ळिकरणैच्या दलदलीकडे जायचे. एका अंगाला पेरुंगुडीचा कचराडेपो, समोर चित्रबलाक, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या. २०२२ साली या दलदलीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून बाबांच्या वह्या भरत होत्या. त्या मी वर्डप्रेसवर चढवल्या. आता गुडघ्यांमुळे ते भावाकडे असतात आणि रोज सकाळी त्या नोंदी वाचतात. आदल्या रात्री मीच त्या बंद पाडल्या होत्या.

केलं होतं एवढंच: आईच्या पाककृतींनाही जागा हवी म्हणून पक्ष्यांची सगळी साइट मुख्य फोल्डरमधून उचलून 'पक्षी' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये नेली. कपाटातल्या साड्या एका खणातून दुसऱ्यात ठेवाव्यात, तसं. नवा पत्ता टाकला तर उत्तर आलं, ४०३, फॉरबिडन. म्हणजे मनाई. ४०४ आलं तर वस्तू सापडत नाही. ४०३ म्हणजे सर्व्हरला मागणी कळली आहे, पण तो देणार नाही. माझ्याच वडिलांच्या वह्या, आणि मलाच मनाई.

घाबरून मी सगळ्या फाइलींची आणि फोल्डरांची परमिशन ७७७ केली. हा आकडा कुठेतरी वाचला होता, अर्थ माहीत नव्हता. साइट थोडी हलली, म्हणून आनंदाने वरच्या मजल्यावरच्या मुलीला सांगितलं. ती इथल्या ओएमआर रस्त्यावरच्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळते. ती पायऱ्या उतरून धावतच आली. "आंटी, आधी हे बंद करा!" मग तिने कागदावर मांडून दाखवलं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. ७७७ म्हणजे बाकी सगळ्यांनाही लिहायची मुभा, आणि त्याच फाइलींमध्ये डेटाबेसचा पासवर्ड. साधारणपणे फोल्डरला ७५५ आणि फाइलीला ६४४ पुरतं.

मग मूळ मनाई कशामुळे? अर्धवट काम कुणाला दिसू नये म्हणून नवा फोल्डर करताना मी गटाच्या आणि इतरांच्या परवानगीच्या खुणा काढल्या होत्या, आणि विसरले होते. तो ७०० झाला होता, आणि वेबसर्व्हर हा त्या 'इतरां'पैकीच एक. मला सगळ्यात आवडलं ते हे: फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' याचा अर्थ आत शिरता येणे. फाइल कितीही मोकळी असो, वाटेतल्या एका जरी फोल्डरला तो १ नसेल, तर तिथवर पोचताच येत नाही.

फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ दिल्यावर साइट उघडली, पण रंग नाहीत, फोटो नाहीत, आणि कुठेही दाबलं की जुना पत्ता. वर्डप्रेस स्वतःचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये दोन ठिकाणी लिहून ठेवतं, 'साइटयूआरएल' आणि 'होम'. ते दोन्ही बदलले. मुखपृष्ठ आलं, आतली पानं मात्र ४०४. कारण डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल मागेच राहिली होती. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की फाइल लपलेली असते, आणि जे दिसलं नाही ते मी उचललं नाही.

फोटोंचे पत्ते लेखांच्या आत होते. मी थेट डेटाबेसमध्ये शोधून बदलायला निघाले होते, पण त्या मुलीने हात धरला. काही नोंदींमध्ये मजकुरासोबत त्याची लांबीही आकड्यात लिहिलेली असते. पत्ता लांबला आणि आकडा तोच राहिला, तर वर्डप्रेसला ती नोंद वाचता येत नाही. तिने डब्ल्यूपी-सीएलआयची शोध-बदल आज्ञा आधी कोरडी चालवून दाखवली: काय बदलेल ते नुसतं दाखवते, बदलत काही नाही. मग खरी चालवली.

उरले जुने दुवे. बाबांनी ते मिरजेतल्या सगळ्या मित्रांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले. चांगले पत्ते बदलत नाहीत, असं टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं आहे; मी तर बदलून बसले होते. आता जुन्या दाराशी 'इकडे या' अशी पाटी हवी. तिला ३०१ म्हणतात, कायमचं स्थलांतर. मी सगळ्याच पत्त्यांना 'पक्षी'कडे वळवलं, त्यात 'पक्षी' स्वतःही आला, आणि ब्राउझर पक्षी, पक्षी, पक्षी करत गोल फिरून थांबला. 'पक्षी'ने सुरू होणारे पत्ते सोडून, असा नियम लिहिल्यावरही माझ्या फोनवर तेच चक्र. ३०१ कायमचं असल्यामुळे ब्राउझर ते लक्षात ठेवतो. आधी तात्पुरतं ३०२ लावून पाहायचं असतं, हे तेव्हा कळलं. ब्राउझरचा साठा पुसला आणि जुन्या दुव्यावरून नवं पान उघडलं.

बाबांना फोन केला. ते जुन्याच दुव्यावरून आत गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, तिसऱ्या फोटोखाली तू शराटी लिहिलंयस. तो मोर शराटी आहे. नीट कर."