मोहर्लीतला मंगळवार

ताडोबाचे जंगल मंगळवारी बंद असते, ही गोष्ट मोहर्लीला पोहोचेपर्यंत आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. गेल्या पौषातली हकीकत. मी, सौभाग्यवती, मुलगी आणि तिचे दहा वर्षांचे चिरंजीव असे चौघे सोमवारी संध्याकाळी उतरलो. आणि सकाळी वाघाऐवजी आख्खा रिकामा दिवस समोर उभा!

१९५५ साली ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली व्याघ्रप्रकल्प. मोहर्ली हे त्याचे मोठे प्रवेशद्वार. एरवी पहाटे इथे जिपांची रांग लागते. मंगळवारी मात्र ते साधे खेडे असते. एका अंगाला इरई धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला साग-बांबूचे रान आणि मध्ये चुलींचा निळसर धूर.

नातवाने आपली रॅकेट काढली. मीही काढली. ती माझ्या वडिलांची. लाकडी, वाकू नये म्हणून प्रेसमध्ये आवळून ठेवलेली. नातवाच्या हाती ती समारंभाने द्यावी, सोबत एक व्याख्यानही द्यावे, असा माझा बेत होता. आवारातल्या दोन कडुनिंबांना दोरी बांधली, मुरमावर काठीने रेघा ओढल्या, झाले कोर्ट!

व्याख्यान असे: याच जातीच्या लाकडी रॅकेटीने रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ साली विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेले. हिचे तोंड लहान, सुमारे ७० चौरस इंचांचे. चेंडू मध्यावर बसला तर लाकूड किंचित लवते आणि त्याची गोड थरथर मनगटापर्यंत येते. बोटभर चुकला की रॅकेट मुठीत फिरते आणि चूक तिथल्या तिथे कळते. याला म्हणतात शिस्त!

नातू म्हणाला, "आजोबा, आता माझी घेऊन बघा."

कार्बनच्या धाग्यांची ती रॅकेट हातात पिसासारखी वाटली. तोंड १०० चौरस इंचांचे. पहिला चेंडू थेट कुंपणापार! ही चौकट ताठ असते. चेंडूचा जोर फारसा गिळत नाही, उलट परत करते. मग नातवानेच शिकवले की चेंडू नुसता ढकलायचा नाही, खालून वर घासून फिरकी द्यायची. दिली, आणि जोराने मारलेला चेंडू रेघेच्या आत मुकाट्याने उतरला. जुनीचा ताबा नेमात, नवीचा फिरकीत. शिवाय कडेला बसलेला चेंडूही ती सांभाळून घेत होती.

घरमालकांचे वृद्ध वडील ओसरीवर बांबूच्या कांबी सोलत बसले होते. त्यांनी लाकडी रॅकेट मागितली, गुडघ्यावर टेकवून हलकेच दाबून पाहिली आणि म्हणाले, "लाकूड जिवंत आहे जी. पण लेकराच्या हाताला भारी."

मुलगी एकदम माझ्याकडे बघू लागली. मला खाली बघावे लागले.

ती बारा वर्षांची असताना क्लबातली सगळी मुले नव्या रॅकेटी घेऊन यायची. मी हिच्या हाती हीच दिली होती. "आधी हिच्यावर शीक, मग बघू." मनगट दुखते म्हणाली, तर मी म्हणालो, निमित्ते नकोत. एके दिवशी तिने रॅकेट खुंटीला टांगली ती कायमची. पंचवीस वर्षे मी सांगत आलो, पोरीत चिकाटी नाही.

"बाळ, तेव्हा मी चुकलो," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. तिने लाकडी रॅकेट उचलली, दोरीपलीकडे गेली आणि मला खूण केली. दहा-बारा चेंडू इकडून तिकडे गेले. एक अगदी मध्यावर बसला. टप्प् असा भरीव आवाज झाला.

"बाबा," ती हसून म्हणाली, "या रॅकेटीवर माझा राग कधीच नव्हता."

बुधवारी पहाटे दरवाजा उघडला. वाघ दिसला का, म्हणून सारे विचारतात. नाही दिसला. पण मोहर्लीला जाणार असाल, तर मंगळवार चुकवू नका, एवढेच सांगतो.